पाठाचें टांचण

जर्मन तत्त्वज्ञ योहान हर्बार्ट (१७७६–१८४१) यांच्या अनुयायांनीं पाठाच्या पांच पायऱ्या ठरविल्या: प्रस्तावना, विषयनिवेदन, तुलना, निष्कर्ष व उपयोजन. ही पंचपदी टांचणांत सुरेख उतरते. वर्गांत मात्र पहिली व शेवटची पायरी बहुधा निसटते.

बाष्पीभवन शिकवितांना व्याख्या मागाहून यावी. दोरीवरच्या ओल्या कापडांतलें पाणी जातें कोठें, हा प्रश्न आधीं यावा. जुन्या अनुभवाला जोडलेलें ज्ञानच टिकतें.

शिक्षक काय सांगणार, याबरोबरच मूल कोठें अडेल, हेंही टांचणांत असावें. अखेरचीं पांच मिनिटें उपयोजनासाठीं राखावीं. तीं गमावलीं, तर मागच्या बांकावरील मुलाला कळलें कीं नाहीं, हें शिक्षकास उमगत नाहीं. आणि तें मूल मुकाट्यानें मागें पडतें.