पुराच्या पैशाचा हिशेब

ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापी फुगली आणि सुरतचा बहुतांश भाग बुडाला. धरणाचे दरवाजे कधी उघडायला हवे होते, यावर भरपूर वाद झाला. मदतीच्या पैशाचं पुढे काय झालं, यावर मात्र फारच कमी. अशी मदत ज्यातून दिली जाते, त्या गुजरातच्या आपत्ती प्रतिसाद निधीत 2021 ते 2026 या काळासाठी केंद्राचा वाटा 75 टक्के, राज्याचा 25. म्हणजे पैसा सगळा करदात्यांचाच. महालेखापरीक्षक तपासणी करतात, पण त्यांचा अहवाल येईपर्यंत पुढचा पावसाळा उलटलेला असतो. संकटात आधी माणसं वाचवायची की कागद रंगवायचे, असं विचारलं जातं. प्रश्न रास्त आहे. पण पूर ओसरल्यावर ही सबब उरत नाही. लाभार्थ्यांच्या खासगीपणाचा मुद्दाही खरा, म्हणून निदान प्रभागवार रकमा तरी जाहीर व्हाव्यात. माहिती अधिकार कायद्याचं कलम 4 तर अनुदानाच्या रकमा आणि लाभार्थ्यांचा तपशील कुणी न मागताही प्रसिद्ध करायला सांगतं. श्रोतेहो, आपल्या प्रभागाचा आकडा जाहीर झालेला नसेल, तर महापालिकेकडे आणि जिल्हाधिकाऱ्यांकडे तो लेखी मागा.