आमदारकी पाच वर्षांची, लढाई चाळीस वर्षांची

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



मी जव्हारचा. माझ्या वडिलांचं तिथं कापडाचं लहानसं दुकान होतं. दुकानात लाल पुठ्ठ्याची एक वही असायची. वारली, कोकणा, कातकरी माणसं डोंगर उतरून बाजाराला येत. लुगडं, धोतर, मुलाला एखादा सदरा घेत आणि म्हणत, ‘चाचा, लिहून ठेव.’ वडील लिहून ठेवत. वहीत सर्वांत मोठ्या रकमा लग्नाच्या कापडाच्या असत. एक गोष्ट मात्र वडील वहीत कधी लिहीत नसत. मयताचं कापड. ‘कफनाची उधारी लिहायची नसते’, एवढंच ते म्हणायचे. याचं कारण मी त्यांना कधी विचारलं नाही.

आणखीही एक गोष्ट मी विचारली नाही. आमच्या ओळखीच्या एका घरी एक गडी होता. पहाटे गोठा, दिवसभर शेत, रात्री ओटीच्या कडेला घोंगडी. त्याला पगार किती, तो घरी कधी जातो, हे आम्हा मुलांना ठाऊक नव्हतं. ‘त्याचं लग्न त्यांनी करून दिलंय’, असं मोठी माणसं सांगायची आणि आमचं समाधान व्हायचं. ही १९८०च्या आसपासची गोष्ट. वेठबिगारी बंद करणारा कायदा देशात १९७६ साली झाला होता. तो चार वर्षांत आमच्या गल्लीपर्यंत पोहोचला नव्हता.

आज मला ज्या माणसाविषयी बोलायचं आहे, त्याच्या कामाचा संबंध त्या गड्याशी आहे. विवेक पंडित हे २००९ ते २०१४ या काळात वसईचे आमदार होते. जव्हार-मोखाडा त्यांचा मतदारसंघ कधीच नव्हता. तरीही आमच्या भागातल्या पाड्यांवर त्यांचं आणि त्यांच्या श्रमजीवी संघटनेचं नाव ठाऊक आहे. असं का, हे समजून घ्यायचं तर थोडं मागं जावं लागेल.

लग्नगडी

ठाणे जिल्ह्याच्या जंगलपट्टीत ‘लग्नगडी’ हा शब्द फार जुना. आदिवासी तरुण लग्नासाठी सावकाराकडून किंवा जमीनदाराकडून पैसे घ्यायचा आणि ते फिटेपर्यंत त्याच्याकडे राबायचा. फिटण्याचा हिशेब मालकाकडे, त्यामुळे ते सहसा फिटतच नसे. सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं १९३०च्या दशकाच्या अखेरीस सरकारला दिलेल्या अहवालात ही पद्धत नोंदवून ठेवली आहे. १९४५ साली शामराव आणि गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली डहाणू-उंबरगाव भागातल्या वारल्यांनी बंड केलं. अनेक लग्नगडी तेव्हा मोकळे झाले. तलवाड्याला गोळीबार झाला, माणसं मेली. त्या काळात आमचं जव्हार मुकणे राजांचं संस्थान होतं. ते १९४८ साली विलीन झालं.

इतकं होऊनही पद्धत मेली नाही. तिनं फक्त कपडे बदलले. १९७९ साली विवेक पंडित आणि त्यांच्या पत्नी विद्युल्लता पंडित यांनी ‘विधायक संसद’ ही संस्था सुरू केली, तेव्हा ते विशीतले तरुण होते. मुंबईपासून तासा-दीड तासाच्या अंतरावर, वसई तालुक्यातल्या खेड्यांत, त्यांना कर्जापोटी बांधलेली माणसं दिसली. मदत वाटून हे सुटणार नाही, संघटना लागेल, हे त्यांच्या लक्षात आलं आणि १९८२ साली श्रमजीवी संघटना उभी राहिली.

त्यांनी नवा कायदा मागितला नाही. जो होता तोच हातात घेतला. १९७६चा कायदा वाचला तर तो चांगला कडक आहे. वेठबिगाराचं कर्ज त्या कायद्यानं संपुष्टात येतं, एक पैसाही परत करायचा नसतो. कर्ज वेठबिगारीचं नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर आहे. वेठबिगार ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुक्त झालेल्या माणसाला सरकारनं मुक्तीचा दाखला द्यायचा आणि त्याचं पुनर्वसन करायचं. सर्वोच्च न्यायालयानं १९८२ साली किमान वेतनापेक्षा कमी मजुरीत काम करून घेणं ही सक्तीची मजुरीच होय, असा निर्णय दिला, तेव्हा या कायद्याला आणखी धार आली.

पण कायदा चालायचा तर कोणीतरी तहसीलदारासमोर उभं राहून म्हणायला हवं, ‘मी वेठबिगार आहे.’ हे एक वाक्य बोलणं किती अवघड आहे, ते ज्यांनी तो गडी पाहिला आहे त्यांना कळेल. समोर अधिकारी, बाजूला मालक, मागं बायको-मुलं, आणि रात्री परत त्याच गावात जायचं. संघटनेचं खरं काम ते वाक्य माणसाच्या तोंडून निघेपर्यंत त्याच्याजवळ थांबण्याचं होतं. कार्यकर्त्यांनी त्यासाठी मार खाल्ला, खटले अंगावर घेतले. शेकडो माणसं सुटली. १९९९ साली लंडनच्या ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’ या संस्थेनं पंडित दांपत्याला आपला पुरस्कार दिला. ही संस्था १८३९ सालची, म्हणजे गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्यातून जन्मलेली. विसावं शतक संपत असताना गुलामीविरोधी पुरस्कार ठाणे जिल्ह्यात यावा, यात अभिमानाइतकीच शरमही आहे.

भोंग्यातली शाळा

जव्हार-मोखाड्यातलं शेत पावसाचं. नागली, वरई, थोडा भात. दिवाळीपर्यंत ते संपतं. मग पाड्यावर मुकादम येतो, ‘बयाणा’ म्हणजे आगाऊ रक्कम देतो आणि कुटुंबंच्या कुटुंबं वीटभट्टीवर जातात. वाडा, भिवंडी, वसई. नवरा-बायको मिळून कामाची एक जोडी. आठवड्याला पोटापुरती ‘खर्ची’ मिळते आणि खरा हिशेब पावसाच्या तोंडावर होतो. हिशेबात बयाणा फिटला नाही तर पुढच्या दिवाळीला पुन्हा तीच भट्टी. लहानपणी आमच्या बाजारपेठेतून माणसांनी भरलेले ट्रक जाताना मी पाहिले आहेत. वर भांडी, कोंबड्या, मुलं. त्यातली काही मुलं माझ्या शाळेतली होती. दिवाळीनंतर त्यांची बाकं मोकळी असायची आणि गुरुजी हजेरी घेताना त्यांची नावं सरळ सोडून पुढं जायचे.

भट्टीवर विटा रचून केलेल्या झोपडीला ‘भोंगा’ म्हणतात. नव्वदच्या दशकात विधायक संसदेनं या भट्ट्यांवरच शाळा काढल्या. त्यांचं नावच ‘भोंगाशाळा’. मूल शाळेपर्यंत येत नसेल तर शाळेनं मुलापर्यंत जावं, एवढा साधा विचार. कवी म्हणून मी शब्दांचा हिशेब ठेवतो. कामगाराच्या झोपडीचं नाव शाळेला देऊन त्या नावाची लाज काढून टाकणं हे मला मोठं वाटतं.

सभागृहात

२००९च्या जुलैमध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. तिच्यात गावं घालू नयेत म्हणून वसईत मोठं आंदोलन पेटलं. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत पंडित अपक्ष म्हणून, शिवसेनेच्या पाठिंब्यानं उभे राहिले आणि निवडून आले. २०११ साली शासनानं २९ गावं वगळण्याचा निर्णय घेतला. पुढं तो न्यायालयात वर्षानुवर्षं अडकला. २०१४च्या निवडणुकीत पंडित हरले.

म्हणजे आमदारकी एकाच मुदतीची. आमदार काय करू शकतो? प्रश्न विचारू शकतो, लक्षवेधी सूचना मांडू शकतो, अधिकाऱ्याला फोन करू शकतो. जो फोन कार्यकर्त्याचा असताना उचलला जात नाही, तो आमदाराचा असला की उचलला जातो, हा फरक थोडा नाही. पण पाड्यावरच्या माणसाला तहसील कचेरीत बोलतं करण्याचं काम सभागृहातून होत नाही. ते आधीही बाहेर होतं, नंतरही बाहेरच राहिलं.

याचा पुरावा आमच्याच भागानं दिला. १९९२ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणानं मुलं दगावली आणि महाराष्ट्र हादरला. मी तेव्हा नुकताच बी.ए. झालो होतो. मंत्री आले, गाड्या आल्या, जव्हारला अपर जिल्हाधिकाऱ्यांचं कार्यालय आलं, १९९५ साली नवसंजीवन योजना आली. २०१४च्या १ ऑगस्टला पालघर हा वेगळा जिल्हा झाला. नंतर आमच्या मतदारसंघाचे आमदार विष्णू सवरा हेच राज्याचे आदिवासी विकासमंत्री झाले. २०१५ साली डॉ. ए.पी.जे. अब्दुल कलाम यांच्या नावानं गरोदर आणि स्तनदा मातांना एक वेळचा चौरस आहार देणारी योजनाही सुरू झाली. सत्ता याहून जवळ कशी यावी?

तरी २०१६ साली मोखाड्यातून पुन्हा बालमृत्यूंच्या बातम्या आल्या. सप्टेंबरमध्ये राष्ट्रीय मानवाधिकार आयोगानं राज्य सरकारला नोटीस काढली. श्रमजीवी संघटना पुन्हा रस्त्यावर आली. पंडित तेव्हा आमदार नव्हते. त्यांचं म्हणणं ऐकून घ्यावं लागलं ते मागं उभ्या असलेल्या माणसांमुळे.

त्यांच्यावर टीकाही होते आणि ती नोंदवायला हवी. ज्या सरकारविरुद्ध मोर्चे काढले, त्याच फडणवीस सरकारच्या काळात त्यांनी आदिवासी विकास योजनांचा आढावा घेणाऱ्या राज्यस्तरीय समितीचं अध्यक्षपद, राज्यमंत्रिपदाच्या दर्जासह, स्वीकारलं. चळवळीतल्या माणसानं लाल दिव्याच्या इतकं जवळ जावं का? डाव्या पक्षांचे आमच्याकडचे जुने कार्यकर्ते हा प्रश्न विचारतात आणि त्यांना तो अधिकार आहे. या डोंगरात लाल बावटा श्रमजीवीच्या कितीतरी आधी पोहोचला होता. माझं मत एवढंच, की पदाचा हिशेब पदानं काय मिळवून दिलं यावर मांडावा. रेशन, जातीचा दाखला, घराखालची जागा कातकऱ्याच्या नावावर होणं, या गोष्टी शहरात बसून क्षुल्लक वाटतात. पाड्यावर त्या नसल्या की माणूस पुन्हा मुकादमाच्या दारात जातो.

पाचशे रुपये

आता शेवटची गोष्ट. ती सांगताना मला जड जातं.

२०२१च्या ऑगस्टमध्ये मोखाडा पोलिसांत वेठबिगारी कायद्याखाली एक गुन्हा नोंदला गेला. एका कातकरी बापाचा लहान मुलगा आदल्या दिवाळीच्या सुमारास वारला. कफनाला पैसे नव्हते. बापानं पाचशे रुपये उसने घेतले आणि ते फेडण्यासाठी त्याला राबावं लागलं. जुलै महिन्यात त्यानं गळफास घेतला. घरच्यांची फिर्याद अशी आहे. खरं-खोटं न्यायालय ठरवेल, मी नोंदलेली तक्रार सांगतो आहे. श्रमजीवीच्या कार्यकर्त्यांनी हे प्रकरण लावून धरलं, म्हणून ते आपल्यापर्यंत आलं.

कायदा झाल्याला तेव्हा पंचेचाळीस वर्षं झाली होती, संघटनेला एकोणचाळीस.

ती बातमी वाचली आणि मला वडिलांची वही आठवली. आमच्यात गरिबाला कफन जमात देते. मेलेल्याच्या अंगावर कर्जाचं कापड असू नये, अशी समज आहे. वडील मयताचं कापड का लिहीत नसत, ते मला त्या दिवशी पुरतं कळलं आणि वडिलांचा अभिमान वाटला. पण लगेच दुसरी गोष्टही आठवली. लग्नाचं कापड ते लिहीत होते. वसुली कडक करत नसत, व्याज लावत नसत, हे खरं. तरी ती रक्कम फेडायला माणसं कुठं जात होती? भट्टीवर जात होती. कुणाच्या तरी गोठ्यात जात होती. आमची वही आणि मुकादमाचा बयाणा यांच्यामध्ये एक पायवाट होती आणि दुकानाच्या गल्ल्यावर बसून मला ती दिसली नाही. पुढं मी डोंगरावर कविता केल्या, पावसावर केल्या, तारप्याच्या सुरावर केल्या. रिकाम्या बाकावर एकही केली नाही.

श्रोतेहो, हे भाषण ऐकणाऱ्यांपैकी पुष्कळजण मुंबईत, वसईत, ठाण्यात असतील. मुंबईच्या नळांचं बरंचसं पाणी वैतरणेच्या धरणांतून येतं. त्यातलं मध्य वैतरणा धरण मोखाडा तालुक्यात आहे, आणि उन्हाळ्यात मोखाड्याच्या पाड्यांवर पाण्याचे टँकर फिरतात. तुमच्या भिंतीतली वीट एखाद्या भोंग्याशेजारी पाडलेली असू शकते. मी हे अपराधीपणा वाटावा म्हणून सांगत नाही. आपली वही कुठपर्यंत पोहोचते, ते पाहायला हवं, म्हणून सांगतो. घराचं काम काढाल तेव्हा कंत्राटदाराला एक प्रश्न जरूर विचारा. वीट कुठल्या भट्टीची, आणि तिथल्या माणसांचा हिशेब झाला का?

विवेक पंडितांच्या आमदारकीचं मूल्यमापन अभ्यासक करतील. माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. एका माणसाला ‘मी वेठबिगार आहे’ हे म्हणण्याचं बळ देणारा माणूस सभागृहात बसो वा न बसो, तो लोकांचा प्रतिनिधी आहे.

आमच्या ओळखीच्या घरातला तो गडी मी अकरावीत असताना दिसेनासा झाला. कुणी म्हणालं सुटला, कुणी म्हणालं मेला. मी तेव्हाही विचारलं नाही. त्याचं नाव मला आजही माहीत नाही.