आधी म्हणणे, मग इंग्रजी



  पीएच. डी.ची 'पेट' ही प्रवेश परीक्षा उत्तीर्ण झालेली आपली मुले संशोधन आराखड्यापाशी अडतात आणि आपण स्टाफरूममध्ये निदान करून मोकळे होतो : 'इंग्रजी कच्चे आहे.' हे निदान मला अपुरे वाटते.

या सोलापूर शहरात हजारो बाया बिड्या वळतात. त्यांतल्या पुष्कळजणी घरी तेलुगू बोलतात. अशाच घरातली मुलगी मराठी शाळेत शिकते, एम. ए. होते आणि बिडी कामगारांवर संशोधन करायचे ठरवते. हजार बिड्यांमागची मजुरी, माल देताना 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्या बिड्या, पान कमी पडले की पदरमोड करून आणलेले पान, हे तिला कुठल्या ग्रंथातून शिकावे लागत नाही. छाटीमुळे आठवड्याला हातात किती कमी येते, हा प्रश्न तिला सुचणार नाही तर कुणाला? पण आराखड्यात तो नसतोच. तिथे असते 'अ स्टडी ऑफ सोशिओ-इकॉनॉमिक कंडिशन्स', आणि शेपटाला 'विथ स्पेशल रेफरन्स टू सोलापूर सिटी'. या 'स्पेशल रेफरन्स'वर आपल्याकडे किती पदव्या पोसल्या गेल्या असतील, देव जाणे!

हे का होते? इंग्रजीच्या धास्तीने मुलगी आधी शोधगंगोत्री या आराखड्यांच्या संकेतस्थळावर जाते, जुना आराखडा उघडते आणि जिल्हा बदलते. उसन्या वाक्यांबरोबर उसना प्रश्नही घरात येतो. मग साम्य तपासणाऱ्या सॉफ्टवेअरची भीती. यूजीसीच्या २०१८च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतचे साम्य दंडाविना सुटते, म्हणून ती शब्द फिरवत बसते आणि व्याकरणाने बरे असलेले वाक्यही मोडते. आता तर यंत्र क्षणात निर्दोष इंग्रजी लिहून देते. इंग्रजी सुधारले, प्रश्न मात्र परक्याचाच राहिला. रोग निव्वळ इंग्रजीचा असता, तर एव्हाना बरा झाला असता.

पूर्वअभ्यासाच्या आढाव्याचेही तसेच. एक इंग्रजी लेख नीट वाचायला दोन दिवस लागतात, म्हणून सारांशावर भागवले जाते. मग 'अमुक म्हणतात, तमुक म्हणतात' अशी नामावळी तयार होते. कुणाचे काय चुकले, हे लिहायची हिंमत होत नाही. ती हिंमत इरावती कर्वे यांनी दाखवली. त्यांनी बर्लिनमध्ये कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेवर काम केले. १९३० साली डॉक्टरेट मिळाली, तीही ऑयगन फिशर या आपल्याच मार्गदर्शकाच्या वांशिक गृहीतकाला न जुमानता. मुलूख परका, विद्यापीठाची भाषा जर्मन, निष्कर्ष मात्र स्वतःचा.

इंग्रजी नकोच, असे म्हणणाऱ्यांत मी नाही. बिडी कामगारांचे दुखणे जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेपर्यंत पोचवायचे, तर मराठी प्रबंध तिथे कोण वाचणार? आणि परभाषेला घाबरावे, असे हे गावही नाही. घरी मराठी बोलणारे द. रा. बेंद्रे कन्नडचे महाकवी झाले; १९४४ ते १९५६ ते इथल्याच डी. ए. व्ही. कॉलेजात कन्नड शिकवत होते. पण त्यांना कन्नड धारवाडच्या गल्लीत, लहानपणीच मिळाली होती. आपल्या मुलांना इंग्रजी भेटते ती गाइडमध्ये, परीक्षेच्या आदल्या रात्री. एवढ्या भांडवलावर त्यांनी वीस पानांचा युक्तिवाद लिहावा, ही अपेक्षा अन्यायाची आहे.

म्हणून माझे म्हणणे असे : आराखड्याचा पहिला खर्डा मराठीत होऊ द्या, कन्नड किंवा उर्दू माध्यमातल्यांचा त्यांच्या भाषेत. प्रश्न पक्का झाला की इंग्रजी खर्ड्यासाठी मार्गदर्शकाने विद्यार्थ्याशेजारी बसावे. 'रीराइट' असा शेरा मारून कागद परत करणे म्हणजे मार्गदर्शन नव्हे. शिक्षण इंग्रजीतून असले तरी उत्तरपत्रिका स्थानिक भाषेत लिहू द्या, असे यूजीसीने २०२३ साली विद्यापीठांना सुचवले आहे. मग आराखडा तपासणाऱ्या समितीसमोर मराठीत बोलल्याने आभाळ कोसळणार नाही.

समितीवर बसणाऱ्या सहकाऱ्यांना हात जोडून सांगतो : येत्या बैठकीत पहिला प्रश्न मराठीत विचारा, आणि विद्यार्थ्याचे उत्तर पुरे होईपर्यंत समोरचा इंग्रजी आराखडा उघडू नका.