आठ कोनांचे टेबल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी समारंभातील भाषण)



मंडळाच्या नाट्यप्रयोगांविषयी, ग्रंथालयाविषयी आणि गणेशोत्सवाविषयी अधिकाराने बोलणारे अनेक वक्ते या व्यासपीठावर आहेत. आम्हांला मात्र कार्यकारिणीने एका टेबलाविषयी बोलावयास सांगितले आहे. सभागृहामागच्या खोलीत हिरव्या बनातीचे जे अष्टकोनी टेबल आहे, आणि ज्यावर हल्ली बालवर्गाची चित्रे वाळत घातलेली असतात, तेच हे टेबल. ते आम्ही पाच जणांनी मिळून घरी तयार केले. त्या पाचांपैकी दोघे निवृत्तीनंतर गावी परतले, एक आज हयात नाहीत. तेव्हा ही हकीकत आता सांगून ठेवलेली बरी.

दिल्लीत नव्याने आलेल्या मराठी कुटुंबाला इथली दिवाळी प्रथम थोडी चकित करते. सणाच्या आधी पंधरवडाभर घरोघर पत्त्यांच्या बैठका बसतात आणि त्यांत पैसा लावला जातो. वस्तुतः आपल्याकडेही पाडव्याचे एक नाव द्यूतप्रतिपदा असेच आहे. पण आपल्या आठवणीतला पाडवा ओवाळणीचा. पत्ते म्हणजे आपल्याला मे महिन्याच्या सुटीतली ओटी, झब्बू, बदाम सात आणि मेंढीकोट. हरणाऱ्याला चिडवायचे, एवढाच त्यातला दंड.

मंडळाच्या विसाव्या वर्षी, दिवाळीनंतर चार दिवसांनी, एका सभासदांच्या पत्नी आमच्या घरी आल्या. मुलांच्या शाळेच्या फीपुरते पैसे उसने हवे होते. चहा तसाच ठेवून त्या बोलत होत्या. शेजारच्या वसाहतीतल्या एका बैठकीत त्यांच्या यजमानांनी तीन महिन्यांचा पगार घालवला होता. ते गृहस्थ कोण, हे सांगण्याचे प्रयोजन नाही. त्यांच्यासारखे आणखीही होते, हे पुढे कळले.

कार्यकारिणीची तातडीची सभा भरली. मंडळाच्या कोणाही सभासदाने पत्त्यांना हात लावू नये, असा ठराव मांडला गेला. आमच्यातल्या एका वकील सभासदांनी सर्वोच्च न्यायालयाच्या १९६७ सालच्या निर्णयाचा दाखला दिला. रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे, तीन पत्त्यांचा खेळ निव्वळ दैवाचा आहे, असा भेद न्यायालयाने त्यात केला आहे. तेव्हा सर्वच पत्ते एका मापाने मोजू नयेत, असे त्यांचे म्हणणे. मग आमच्या एका वृद्ध सभासदांनी हळूच विचारले, “ठराव केल्याने खेळ थांबेल, की दार तेवढे बंद होईल?” त्या प्रश्नावर सभेत बराच वेळ कोणी बोलले नाही. अखेर ठरले ते असे : खेळ आपल्याच घरी आणावा, दिवाणखान्यात उजेडात मांडावा, बायकामुलांसमक्ष खेळावा आणि त्यात पैसा मुळीच नसावा.

कोणता खेळ, हा पुढचा प्रश्न. एका तरुण अभियंत्याने पोकर सुचवला. बावन्न पत्त्यांतून पाच पत्त्यांचे २५,९८,९६० वेगवेगळे डाव संभवतात, तीन पत्त्यांचे केवळ २२,१००, हे त्याने फळ्यावर मांडून दाखवले. शिवाय या खेळात थाप मारण्याला मान आहे. हातात काही नसताना मोठी बोली करून समोरच्याला माघार घ्यायला लावणे, हे त्यातले मर्म. पण इथेच पेच आला. हरण्याने काहीच जात नसेल, तर थापेला कोण भिणार? फुकटची थाप प्रत्येक जण मारील आणि खेळ दोन दिवसांत विटेल. यावर तोडगा काढला तो महिला समितीने. प्रत्येकाने बैठकीला चाळीस चिंचोके घेऊन बसावे, हिशेब वर्षभर वहीत ठेवावा, आणि ज्याच्या नावावर सर्वांत मोठी तूट त्याने गणेशोत्सवाच्या महाप्रसादाची भांडी घासावी. खेळाला किंमत आली, आणि ती कोणाच्या पगारातून जाणार नव्हती.

आता टेबलाकडे येतो. लांबट टेबल घेतले असते तर त्याला एक वरची जागा आली असती, आणि सरकारी वसाहतीत त्या जागेवर कोणी बसायचे हे न सांगता ठरते. कारकून आणि उपसचिव एकाच मंडळाचे सभासद असले तरी खुर्च्या मांडताना पायरी आठवतेच. गोल टेबलाला अग्रस्थान नसते. पण हातकरवतीने शुद्ध वर्तुळ कापणे आमच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून अष्टकोन. आठ माणसे, आठ सारख्या बाजू.

सलग लाकडाच्या फळ्या जोडाव्यात, असे काहींचे मत होते. पण दिल्लीत मे-जूनची कोरडी लू आणि पाठोपाठ पावसाळ्याची दमट हवा. फळ्या एकदा आकसतात, एकदा फुगतात. प्लायवुडमध्ये पातळ थर एकावर एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, त्यामुळे ते फारसे हलत नाही. कीर्तीनगरच्या लाकूडबाजारातून ८ फूट बाय ४ फूट मापाचा, १९ मिलिमीटर जाडीचा एक तक्ता तीनचाकी ठेल्यावर घालून आणला. मधोमध कापल्यावर त्याचे चार-चार फुटांचे दोन चौरस झाले.

चौरसातून अष्टकोन काढण्याची रीत शाळेतल्या भूमितीतलीच आहे. दोन कर्ण आखायचे. अर्ध्या कर्णाएवढा, म्हणजे चौतीस इंचांना किंचित कमी, असा दोरा घ्यायचा. चौरसाच्या प्रत्येक कोपऱ्यावर त्याचे एक टोक धरून लगतच्या दोन्ही बाजूंवर खूण करायची. आठ खुणा मिळतात. त्या जोडून चार कोपऱ्यांचे त्रिकोण उडवले, की वीस इंचांहून थोडी कमी अशी एकेक बाजू उरते. माणशी जागा तशी बेताचीच. खांद्याला खांदा लागतो. पुढे अनुभवास आले, की ते चांगलेच झाले.

एक अष्टकोन तळाचा झाला. दुसऱ्याच्या कडेपासून चार इंच आत रेघ आखून, बारीक पात्याच्या करवतीने आतला भाग अलगद सोडवला. बाहेरचे कडे तळावर पक्के बसवले आणि आतला भाग बनात लावून पुन्हा त्याच कड्यात ठेवायचा, अशी योजना. करवतीने खाल्लेली फट बनातीच्या जाडीने भरून निघेल, हा आमचा हिशेब. तो थोडा चुकला. बनात लावलेला तुकडा आत जाईना. सर्व चुका उपसून कडा रंध्याने तासाव्या लागल्या. रविवारमागून रविवार या तासकामाला सर्वांआधी येऊन बसत, ते ज्यांच्यामुळे हा सारा विचार निघाला तेच गृहस्थ. बोलत काही नसत. रंधा हाती धरला, की मान खाली.

बनातीखाली सहा मिलिमीटरचा फोम घातला. गुळगुळीत पृष्ठावर पत्ता चिकटून राहतो, नखाने उचलता येत नाही. फोम दबतो म्हणून तो सहज उचलला जातो. बनात ताणताना आधी समोरासमोरच्या बाजूंच्या मध्यावर चुका ठोकायच्या, कोपरे अगदी शेवटी. नाहीतर सुरकुती पडते ती कायमची. बाहेरच्या कड्यावर इंचभर फोम आणि त्यावर रेक्झिन. त्याचे आठ तुकडे कोपऱ्यांशी जोडण्याची शिवण घातली ती फीसाठी आलेल्या त्या वहिनींनी, आपल्या शिलाईयंत्रावर. सरकारी नोकरी म्हणजे बदली. म्हणून चारही पायांना बिजागऱ्या लावल्या, की टेबल मिटून भिंतीशी उभे करता यावे.

पहिल्या बैठकीतच फजिती झाली. पाय आम्ही फार आत बसवले होते. एका धिप्पाड सभासदांनी विचारात पडून कडेवर दोन्ही कोपर टेकले मात्र, टेबल त्यांच्याकडे कलले आणि चिंचोके, पत्ते, चहा असे सर्व त्यांच्या मांडीवर आले. चहाचा तो डाग अद्याप बनातीवर आहे. दुसऱ्या रविवारी पाय कडेच्या जवळ नेले. त्यानंतर टेबल हलले नाही.

पहिल्या वर्षअखेर वहीत सर्वांत मोठी तूट त्याच गृहस्थांच्या नावावर निघाली. गणेशोत्सवात तीनशे पानांच्या पंक्तीनंतर ते धोतर खोचून पातेली घासायला बसले. त्यांची मुले पाणी ओतत होती, हसत होती, आणि तेही हसत होते. बाप हरला आहे हे मुलांना ठाऊक होते. पण या वेळी ते त्यांच्यापासून लपवावे लागले नव्हते.

टेबलाने त्यांचे व्यसन सुटले, असे आम्ही म्हणणार नाही. पुढेही एक-दोनदा ते इतरत्र बसल्याचे कानी आले. फरक इतकाच, की ते आम्हांला त्यांच्याच तोंडून कळले, याच टेबलाशी, पत्ते पिसता पिसता. खांद्याला खांदा लावून बसलेल्या माणसाला एवढे सांगता येते.

आज पत्ते खेळायला माणसे जमवावी लागत नाहीत. पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने २०२५ साली केला. यावरून हातातल्या यंत्रात किती घरे अडकली असतील, याची कल्पना यावी. कायदा हवाच. पण आमच्या त्या वृद्ध सभासदांचा प्रश्न आम्हांला अजूनही आठवतो. यंत्राला तर बंद करायला दारही नसते; शेजारी बसलेल्या पत्नीलाही कळत नाही, की आपला माणूस हरत चालला आहे.

म्हणून तरुण सभासदांकडे एक मागणे आहे. बनात आता विरली आहे. आतला भाग वर उचलला की निघतो. तो याचसाठी सुटा ठेवला होता. नवी बनात घ्या, मधून कोपऱ्यांकडे ताणा, आणि एका रविवारी आठ जण बसा. चिंचोक्यांचा डबा वरच्या फडताळात आहे, जुनी वहीही तिथेच आहे. तूट आली तर भांडी आहेतच.