कूलरची तिसरी तार

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतच. भाषण करणाऱ्या बायका आपल्या मंडळात पुष्कळ आहेत, त्यांच्यापुढे मी काय बोलावे, हा प्रश्न मला पडला होता. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुम्ही दुकानात प्लग बसवता ना, तेच सांगा." आमच्याकडे पंखे-कूलर दुरुस्तीचे काम चालते. पुढे दुकान, मागे बिऱ्हाड. लग्न होऊन आले त्या वर्षापासून वायरी सोलणे, प्लग बसवणे आणि ते तपासून पाहणे हे काम माझ्याकडे आहे. तेव्हा पापड लाटताना एकमेकींना सांगतो तसेच सांगणार आहे.

आपल्या विदर्भात होळी झाली की कूलर पुसूनपासून खिडकीशी लागतो. वाळ्याच्या नाहीतर गवताच्या ताट्या बदलल्या जातात, आणि मग पावसापर्यंत तो घरातल्या माणसासारखा घरात राहतो. त्यात पाणी भरण्याचे काम कोणाचे? घरोघरी पाहा, आपलेच. दुपारी भांडी आटोपून, ओल्या हाताने, ओल्या पायाने, बादली घेऊन आपणच त्याच्याजवळ जातो. कूलरचा झटका लागून माणूस गेल्याची बातमी वाचली नाही असा उन्हाळा मला आठवत नाही. महावितरणही उन्हाळा लागला की कूलरबद्दल सूचना काढते. त्या आपण वाचतो आणि घडी घालून रद्दीत टाकतो.

आपल्या घरातली वीज 230 व्होल्टची. 1956 च्या वीज नियमांत 250 व्होल्टपर्यंतच्या विजेला 'लो' म्हटले होते, आणि आता तर 1000 व्होल्टपर्यंत तिला लोच म्हणतात. 'लो' हे नाव शेतातून जाणाऱ्या मोठ्या तारांच्या मानाने आहे, आपल्या जिवाच्या मानाने नाही. एक हिशेब सांगते. जुना 60 वॉटचा दिवा लागायला सुमारे 260 मिलिअँपिअर वीज लागते. माणसाच्या अंगातून 30 मिलिअँपिअरच्या वर वीज काही क्षण वाहिली तर हृदयाला धोका सुरू होतो. म्हणजे एका दिव्याला लागते तिचा नववा हिस्साही आपल्याला जड जातो. आणि कातडी ओली असली की वाट सोपी होते.

आता कूलरमध्ये होते काय? पेटी पत्र्याची. आत पंख्याची मोटर, आणि पाण्यात बुडालेला लहान पंप. पत्र्याला भोक पाडून वायरी आत नेलेल्या असतात. पंखा फिरला की पेटी थरथरते, आणि त्या थरथरीने भोकाची धार वायर कुरतडत राहते. एखाद्या उन्हाळ्यात वरचे आवरण जाते आणि आतली तार पत्र्याला टेकते. पंपाला तडा गेला तर वीज पाण्यात उतरते. मग सगळ्या पेटीतच वीज येते. गंमत अशी की एवढे होऊनही कूलर बंद पडत नाही. वारा तसाच येतो, गारवाही तसाच. लाकडी स्टँडवर उभ्या असलेल्या पेटीतली वीज जमिनीत जायला वाट शोधत असते, आणि ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहून आपण हात लावला की ती वाट आपण होतो.

यासाठी तिसरी तार असते. दोन तारांवर कूलर चालतो, एकीने वीज येते, दुसरीने परत जाते. तिसरी, हिरवी किंवा हिरवी-पिवळी, ही पेटीच्या पत्र्याला जोडलेली असते आणि प्लगच्या मोठ्या पिनेतून घराच्या अर्थिंगला जाते. पेटीत वीज आलीच तर तिच्यासाठी आपल्याहून सोपी वाट तयार असावी म्हणून ती ठेवलेली. पण ती नसली तरी कूलर चालतो! फेजची तार सुटली तर पंखा थांबतो, घरात ओरड होते, मुलगा सायकल काढून दुकानात येतो. तिसरी सुटली तर कोणाला कळतही नाही. म्हणून मी गिऱ्हाइकांना सांगत असते, "काकू, कूलर चालतो म्हणजे ठीक आहे असे समजू नका."

2019 सालच्या मे महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतली एक सूनबाई पाणी भरायला गेली आणि कूलरलाच चिकटली. वीज चिकटवते असे आपण म्हणतो; खरे म्हणजे विजेने हाताचे स्नायू आवळले जातात आणि मूठ सोडवता येत नाही. तिच्या सासूबाईंचे मला मोठे कौतुक वाटते. सुनेला ओढायला न धावता त्या बाई मेन स्विचकडे धावल्या. ओढायला गेल्या असत्या तर दोघी गेल्या असत्या. सून वाचली. दवाखान्यात दोन रात्री काढल्या, बोटे भाजली होती, पण घरी आली. तो कूलर दुसऱ्या दिवशी आमच्याकडे आला. उघडला तर पंपाची वायर पत्र्याच्या भोकाशी कापलेली. आणि प्लग पाहिला तर दोन पिनी. तिसरी हिरवी तार मुळाशी कापून वर काळी टेप गुंडाळलेली. असा तो दोन उन्हाळे उत्तम चालला होता. ती तार कोणी कापली हे विचारून उपयोग नव्हता. खोलीतल्या सॉकेटात मोठी पिन बसत नाही, म्हणून कोणीतरी सोय केलेली असते.

आता प्लग कसा बसवावा ते दाखवते. पुढे बसलेल्यांनी ही वायर हातोहात मागे द्यावी. आधी प्लग भिंतीतून काढून हातात घ्यायचा, नुसते बटण बंद करून भागत नाही. बोर्डातल्या तारा उलट जोडल्या असतील तर बटण बंद असूनही फेज चालू राहतो. पाणी भरतानाही हेच: आधी प्लग बाहेर, मग बादली.

वायर तीन तारांची, आय.एस.आय. खुणेची घ्यावी. कूलर एक अँपिअरच्या आसपासच वीज ओढतो, तेवढ्यासाठी 1 चौरस मिलिमीटरची तार पुरे. पण वरचे जाड आवरण चांगले हवे, कारण ती वायर फरशीवर ओढली जाते, पायाखाली येते. लांबीला कमी पडली म्हणून मध्ये जोड देऊन टेप गुंडाळू नये. पूर्ण लांबीचा एकच तुकडा घ्यावा. पैसे चार जास्त जातील, जाऊ द्यावेत.

बाहेरचे जाड आवरण बेताचेच सोलायचे, इतके की प्लगमधल्या पट्टीखाली ते आवरणच दाबले जाईल. ही पट्टी वायरीला धरून ठेवते, म्हणजे ओढ स्क्रूवर येत नाही. पुष्कळ प्लग मी असे उघडले आहेत की पट्टी आतच सुटी पडलेली, तिचे काम काय हेच बसवणाऱ्याला ठाऊक नव्हते. आतल्या तारांची टोके 8 ते 10 मिलिमीटर सोलावी. दातांनी नाही, आणि काडी ओढून जाळूनही नाही. सोलताना केसासारख्या बारीक तारांतल्या दोन-चार तुटल्या तर तेवढे टोक कापून पुन्हा सोलावे. आळस करू नये.

मग फुलवात वळतो तशी तार दोन बोटांत वळायची, एकही केस बाहेर राहता कामा नये. बाहेर राहिलेला एक केस शेजारच्या पिनेला लागला की तिथेच ठिणगी. स्क्रू ज्या दिशेने आवळतो त्या दिशेने तारेचा वळसा घ्यावा, उलट घेतला तर आवळताना तार बाहेर ढकलली जाते. भोकाची पिन असेल तर टोक दुमडून दुहेरी घालावे. स्क्रूखाली तांबे यावे, आवरण नव्हे. काहीजण टोकाला डाग देऊन मग बसवतात. दिसते सुबक, पण डागाचा धातू मऊ असतो, दाबाने हळूहळू दबतो आणि स्क्रू ढिला पडतो. ढिला स्क्रू म्हणजे गरम प्लग. कूलरपेक्षा इस्त्री नि गीझरच्या प्लगचे हे दुखणे जास्त. प्लग हाताला गरम लागला किंवा पिवळट पडला तर तो उघडून पाहण्याची वेळ झाली.

कोणती तार कुठे? हिरवी मोठ्या जाड पिनेला, तिथे 'ई' असते. तांबडी किंवा तपकिरी 'एल'ला, काळी किंवा निळी 'एन'ला. हिरवी तार आत थोडी लांब ठेवावी. कोणी वायर हिसकली आणि पट्टी सुटली तर आधी बाकीच्या दोन तुटाव्या, ही शेवटी. मोठी पिन लांब केलेली असते तीही याचसाठी, लावताना ती आधी लागते, काढताना शेवटी सुटते. ती कापणाऱ्याला हे कोणी सांगितलेले नसते.

बसवून झाले, आता तपासणे. पुष्कळांची तपासणी म्हणजे लावून पाहिले, चालला. काहीजण पत्र्याला उलटा हात लावून पाहतात. असे कोणीही करू नये, हात हे काही तपासायचे साधन नाही. मी आधी प्रत्येक तार हलकेच ओढून पाहते. मग मीटर घेते. हे मीटर आता काही शे रुपयांत मिळते. प्लग भिंतीबाहेर, कूलरचे बटण चालू स्थितीत. मीटरची एक तार मोठ्या पिनेला, दुसरी पत्र्याला. रंग असेल तिथे खरवडून उघड्या धातूवर. 'टूं' वाजले पाहिजे. मग तीच तार लहान दोन पिनांना एकेक लावायची, आता अजिबात वाजता कामा नये. एवढी परीक्षा मंडळातली कोणतीही बाई घरी करू शकेल.

पण प्रत्येक परीक्षेला एक गोष्ट दिसत नाही, तीही सांगते. हिरव्या तारेचा एकच केस लागलेला असला तरी मीटर वाजेल, म्हणून आधी डोळ्यांनी पाहायचे. मीटरमध्ये लहानसा सेल. कमजोर झालेले आवरण त्याच्या दमाला ओळखू येत नाही. त्यासाठी वायरमन मेगर आणतो, तो 500 व्होल्टचा दाब देतो, आणि निदान 1 मेगओहम तरी दाखवला पाहिजे. टेस्टरचा दिवा फक्त फेज दाखवतो. अर्थिंग आहे की नाही हे त्याला मुळीच कळत नाही, आणि तो पेटला नाही म्हणून वीज नाही असे धरू नये. आधी चालू सॉकेटात तो पेटतो का ते पाहून घ्यावे.

एवढे करून भिंतीतल्या सॉकेटातच अर्थिंग नसेल तर? इथे मात्र आपण हात घालायचा नाही, परवानाधारक वायरमनच बोलवायचा. पण त्याच्याजवळ उभे राहावे. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये तो परीक्षेचा दिवा लावून पाहील. मात्र एक लबाडी तेवढ्याने पकडता येत नाही. काही ठिकाणी अर्थिंगची तार ओढण्याचा खर्च नको म्हणून सॉकेटाच्या मागे अर्थची पिन न्यूट्रललाच जोडून देतात. दिवा पेटतो, सगळे छान दिसते. पण न्यूट्रल कुठे तुटली की सबंध पत्रा फेजला जोडला जातो, आणि आपणच कूलरमध्ये वीज आणून ठेवल्यासारखे होते. म्हणून वायरमनला म्हणावे, "भाऊ, मेन बंद करून बोर्ड उघडून दाखवा." हिरवी तार खरोखर खाली अर्थिंगच्या खड्ड्याकडे जाते का, तिथपर्यंत पाहावे. रागावला तर रागावो.

आणि तो खड्डा. जमिनीत अडीच मीटरची नळी पुरलेली असते, भोवती कोळसा-मीठ. माती ओली असेल तोवर ती वीज चांगली घेते. आपल्याकडे कूलर चालतात तेव्हाच माती भेगाळते! आमच्याकडे तुळशीला पाणी घालून झाले की एक बादली त्या नळीत ओतायची, असा मेअखेरपर्यंत नेमच आहे.

अर्थिंग बरे असले तरी फ्यूज दर वेळी उडेलच असे नाही, कारण गळती त्याच्या मानाने थोडी असते. म्हणून मेनजवळ 30 मिलिअँपिअरची आर.सी.सी.बी. बसवून घ्यावी. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यांत फरक पडला की ती डोळ्याचे पाते लवते न लवते तोच खाली पडते. हल्लीच्या प्लास्टिकच्या कूलरांना पत्रा नाही म्हणून आपण निर्धास्त असतो, पण पंप पाण्यातच आहे आणि हात आपण पाण्यातच घालतो; तिथेही हीच उपयोगी पडते. तिच्यावरचे 'टी' बटण महिन्यातून एकदा दाबावे, चतुर्थीला म्हणा, लक्षात राहते. कळ पडली म्हणजे ती शाबूत आहे. अर्थिंग आहे की नाही हे मात्र त्या बटणाने कळत नाही, ते वेगळेच पाहावे लागते.

टेबलावर सात जुने प्लग ठेवले आहेत. त्यांतले चार चुकीचे बसवलेले आहेत, दुकानात आले तसेच. कोणते ते उघडून ओळखायचे. पेचकस दोनच आहेत, तेव्हा चहा घेणाऱ्यांनी आधी चहा घ्यावा आणि बाकीच्यांनी इकडे यावे.