मिरजेचे तंबोरे

मिरजेच्या ज्या शिकलगार घराण्यांनी, तलवारींना धार लावण्याचा पिढीजात पेशा मंदावताच, एकोणिसाव्या शतकात तंतुवाद्ये घडविण्याचा हुन्नर आत्मसात केला, त्यांच्या वंशजांपाशी घटकाभर बसावे, म्हणजे बोलणे हटकून जवारीवर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा घासून नाद जुळविण्याच्या कलेवर, येते. तंबोऱ्याला लागणारा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा, तुणीचे लाकूड यांविषयी ते भरभरून सांगतात. परंतु घोडीचा माथा कानसीने केसभर घासायचा, तार छेडायची, ऐकायचे, पुन्हा घासायचे आणि तारेखाली सुताचा दोरा सरकवीत नादाचे ते विलक्षण गुंजन शोधायचे, हे सांगताना त्यांचा स्वर आपोआप खाली येतो. माझ्या मते हीच त्यांची खरी विद्या. गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या या गावात तिचा अंतिम निवाडा आजही कानच करतो.