आजाऱ्याचें ताट

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या रुग्णांच्या मेळाव्यांत धर्मगुरूंनीं केलेलें भाषण)



ज्युबिलीचें वर्ष म्हणजे देवाच्या उपकारांची आठवण करण्याचें वर्ष. या मंदिराच्या भिंती कोणीं उभारिल्या, घंटा कोणीं आणिली, पहिला बाप्तिस्मा कोणाचा झाला, हें सांगणारे वडीलधारे येथें पुष्कळ आहेत. मी आज त्याविषयीं बोलणार नाहीं. शिरूर आणि दौंडकडील आपले आजारी बंधुभगिनी आज समोरच्या बांकांवर बसले आहेत, आणि त्यांच्याजवळ त्यांना सांभाळून आणणारीं त्यांच्या घरचीं माणसें आहेत. त्यांच्यासमोर मला एका साध्या गोष्टीविषयीं बोलावयाचें आहे, आणि ती गोष्ट म्हणजे आजाऱ्याचें ताट.

धर्मगुरूनें ताटाविषयीं काय बोलावें, असें कोणास वाटेल. त्यानें पवित्र शुभवर्तमानांतील याईराच्या मुलीचा वृत्तांत आठवावा. बारा वर्षांची मुलगी मरण पावली होती; घरांत आकांत चालला होता. प्रभु येशूनें तिचा हात धरून तिला उठविलें. एवढा मोठा चमत्कार झाल्यावर प्रभूनें घरच्यांस काय सांगितलें? मुलीला कांहीं खावयास द्यावें, असें सांगितलें. ज्यानें गेलेला प्राण परत आणिला, त्याला भाकर देणें अवघड नव्हतें. तरी तें काम त्यानें आईबापांच्या हातीं ठेविलें. रोगाचा उपचार करणें वैद्याकडे, प्राण राखणें देवाकडे, पण जेवूं घालणें मात्र आपल्याकडे आहे.

ही आज्ञा मी स्वतः फार उशिरां शिकलों. पुष्कळ वर्षांपूर्वीं भीमेकांठच्या एका वस्तीवर नगरकडून ऊसतोडीस आलेलें आपल्याच धर्माचें एक कुटुंब होतें. त्यांतील सून क्षयानें आजारी होती. उपवासकाळांत मी तिला भेटावयास गेलों, प्रार्थना केली, पवित्र तेल लाविलें. ती म्हणाली, “फादर, गोळ्या घेतल्या की मळमळतं, पोटात आग पडते.” मीं तिला सांगितलें कीं, बाई, हें दुःख प्रभूच्या दुःखांत मिळव. चुलीकडे मीं पाहिलें नाहीं. नवरा आणि मुलें जेवून उरेल तें ती खात असे, आणि बहुधा कांहीं उरत नसे. पुढें तिनें गोळ्या सोडल्या. पावसाळ्यापूर्वीं ती वारली. माती देतांना सासू म्हणाली, “शेवटी नुसती काडी राहिली होती, फादर.” तिचें वजन किती उतरलें होतें, हें कोणींच पाहिलें नव्हतें, मीं तर नाहींच. तेव्हांपासून आजाऱ्याच्या घरीं गेलों कीं प्रार्थनेआधीं मी विचारतों, “आज काय जेवलांत?”

क्षय या शब्दाचा अर्थच झिजणें असा आहे. औषधें नव्हतीं त्या काळीं आरोग्यधामांत मोकळी हवा, विश्रांति, दूध आणि अंडीं हाच उपचार असे. पुढें औषधें निघालीं. १९५९ सालीं मद्रास येथील प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला कीं, गरीब रोगी घरीं राहून, साधें अन्न खाऊन, नियमानें औषध घेईल तर तोही आरोग्यधामांतील रोग्याप्रमाणेंच बरा होतो. हा गरिबांवर मोठा उपकार झाला. रोग्याला घरदार सोडून दूर जाऊन राहण्याचें कारण उरलें नाहीं. औषध हेंच मुख्य, हें त्यानें ठरविलें, आणि तें आजही खरें आहे. परंतु त्यांतून अन्नाचें कांहीं महत्त्व नाहीं, अशी एक चुकीची समजूतही मागें राहिली.

ती समजूत आतां दूर झाली आहे. झारखंडांत २०१९ ते २०२२ या काळांत डॉक्टर अनुराग आणि माधवी भार्गव यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं २,८०० क्षयरोग्यांना औषधांबरोबर दरमहा शिधा दिला. त्यांत तांदूळ, भाजलेल्या हरभऱ्याचें पीठ, दुधाची भुकटी आणि तेल होतें. अर्ध्या रोग्यांच्या कुटुंबांतील माणसांनाही तांदूळ आणि डाळ दिली. निष्कर्ष २०२३ सालीं प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचें वजन शेंकडा ५ नें वाढलें, त्यांच्यांत मृत्यूचा धोका शेंकडा ६१ नें कमी आढळला. चाळीस किलोच्या माणसाला शेंकडा ५ म्हणजे केवळ दोन किलो! आणि ज्या घरांतील सर्वांना शिधा मिळाला, त्या घरांत नव्या क्षयाचें प्रमाण शेंकडा ३९ नें घटलें. रोग्याच्या ताटांतली भाकर त्याच्या मुलाबाळांचेंही रक्षण करिते, हें यावरून दिसतें.

म्हणून क्षयरोग्याच्या घरच्यांना माझी विनंती आहे. नुसती पेज, साबुदाणा आणि चहांत बुडविलेलीं बिस्किटें यांवर आजाऱ्याला ठेवूं नका. त्यांनीं पोट भरल्यासारखें वाटतें, पण मांस भरून येत नाहीं. आपल्या शिवारांत बाजरी आहे, मटकी, हुलगा, चवळी, हरभरा आहे, शेंगदाणे आहेत, बांधावर शेवगा आहे, परड्यांत कोंबडी आहे. एकदम जेवण जात नसेल, तर थोडें थोडें पांचसहा वेळां द्या. गोळ्यांनीं मळमळत असेल, तर गोळ्या सोडूं नका. आशाताईला किंवा डॉक्टरांना त्याच दिवशीं सांगा. आणि घरांतली बाई आजारी असेल, तर तिचें ताट शेवटीं नव्हे, पहिल्यानें वाढा. सरकार १ नोव्हेंबर २०२४ पासून उपचार चालू असेतोंवर क्षयरोग्याच्या खात्यांत पोषणासाठीं दरमहा १,००० रुपये देतें. ते पैसे ताटापर्यंत पोहोंचतात कीं नाहीं, हें पाहणें घरच्यांचें काम आहे.

आतां दुसरी बाजू. सर्वच आजाऱ्यांना वजन वाढवावयाचें नसतें. मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी यांनीं पीडलेले कितीतरी जण येथें बसले आहेत, आणि त्यांच्यावर प्रेम करणारीं माणसें त्यांना आग्रहानें गोड वाढीत असतात. अंगानें बारीक असलेल्यांनींही निर्धास्त राहूं नये. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाचें ग्रामीण केंद्र आपल्या शिरूर तालुक्यांत वढू बुद्रुक येथें आहे, हें आपण जाणतां. त्याच रुग्णालयांतील डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांनीं १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील आया आणि त्यांचीं मुलें यांचा अभ्यास केला. जन्मतः सुमारें २.७ किलो भरणारीं हीं बालकें इंग्लंडांतील बालकांपेक्षां हलकीं आणि कृश होतीं. पण चरबी मात्र त्यांच्या अंगांत त्या मानानें राखलेली आढळली. ज्या आयांच्या खाण्यांत पालेभाज्या, फळें आणि दूध अधिक वेळां येत असे, त्यांचीं बालकें अधिक भरलेलीं होतीं.

२००४ सालीं त्याच डॉक्टरांनीं एका इंग्रज डॉक्टराबरोबर स्वतःचें छायाचित्र प्रसिद्ध केलें. उंचीच्या मानानें वजन दोघांचें अगदीं सारखें. पण इंग्रजाच्या शरीरांत चरबी शेंकडा ९.१, तर आपल्या डॉक्टरांच्या शरीरांत शेंकडा २१.२! म्हणून आपल्या लोकांना थोडें वाढलेलें वजनही बाधतें. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटरपेक्षां आणि स्त्रीचा ८० सेंटीमीटरपेक्षां अधिक झाला, कीं सावध व्हावें. यांत निराश होण्यासारखें मात्र कांहीं नाहीं. मधुमेह होऊन सहा वर्षें उलटलीं नव्हतीं, अशा रोग्यांवर ब्रिटनमध्यें एक प्रयोग झाला; तो २०१७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांनीं डॉक्टरांच्या देखरेखीखालीं १५ किलो किंवा अधिक वजन उतरविलें, त्यांच्यापैकीं शेंकडा ८६ जणांची साखर वर्षाअखेर औषधांवांचून ताब्यांत होती. इतकें सर्वांना साधणार नाहीं. पण चहांतली साखर अर्ध्यावर आणणें, भात कमी करून उसळ वाढविणें, रोज तासभर चालणें, एवढें पुष्कळांना साधेल. ज्यांना मूत्रपिंडाचा विकार आहे, किंवा ज्यांची नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, त्यांनीं आपल्या डॉक्टरांना विचारल्यावांचून आहारांत फेरफार करूं नये.

एक शेवटची गोष्ट, आणि ती धर्मगुरु म्हणूनच मला सांगितली पाहिजे. ख्रिस्तसभेचा उपवासाचा नियम १८ वर्षें पूर्ण झालेल्यांपासून ६०वें वर्ष लागेपर्यंतच्या निरोगी माणसांसाठीं आहे. आजाऱ्याला, गरोदर स्त्रीला, अंगावर पाजणाऱ्या आईला तो बंधनकारक नाहीं. राखेच्या बुधवारीं औषधाबरोबर पोटभर जेवणारा क्षयरोगी पाप करीत नाहीं; तो आज्ञा पाळतो. उपवास निरोग्यांनीं करावा, आणि आपल्या ताटांतून वांचलेली भाकर आजाऱ्याच्या ताटांत जावी, हाच उपवासाचा खरा अर्थ आहे. यशया संदेष्ट्यानेंही उपाशी माणसाबरोबर आपली भाकर वांटून घेण्यालाच देवाला आवडणारा उपवास म्हटलें आहे.

म्हणून या ज्युबिलीच्या वर्षीं मी आपणांजवळ नवी घंटा मागत नाहीं, नवी मूर्तीही मागत नाहीं. मंदिराच्या पडवींत एक वजनकांटा आणि एक वही ठेवूं या. महिन्याच्या पहिल्या रविवारीं मिस्सानंतर ज्याला इच्छा असेल त्यानें आपलें वजन पाहावें. ज्याचें कारण नसतां उतरत असेल, त्याला त्याच आठवड्यांत दवाखान्यांत नेऊं. आणि २०२२ सालीं सुरू झालेल्या निक्षय मित्र योजनेंत आपलें धर्मग्राम नांव नोंदवील. उपवासकाळांत घराघरांतून जें वांचेल, त्यांतून शिरूर-दौंडकडील क्षयरोग्यांना दरमहा शिधा पोहोंचवूं. तो ख्रिस्ती आहे कीं नाहीं, हें विचारावयाचें नाहीं.

अंतिम न्यायाच्या वर्णनांत प्रभूनें भुकेलेला आणि आजारी असे दोघे वेगळे सांगितले आहेत. आपल्या वाड्यावस्त्यांवर ते पुष्कळदां एकच असतात. मी एकदां अशा घरीं जाऊन केवळ आजारी पाहिला, भुकेला पाहिला नाहीं. ती चूक आपल्या हातून न होवो. याईराच्या घरीं जो प्रभु आला, तो आज आपल्या चुलीपाशीं येऊन आपणांस तेंच काम सांगत आहे. तें करण्याची बुद्धि त्यानें आपणां सर्वांना द्यावी, आणि आपल्या सर्व आजाऱ्यांना आरोग्य द्यावें, अशी आरोग्यमाता पवित्र मरियेच्या मध्यस्थीनें प्रार्थना करून मी आपली रजा घेतों. आमेन.